दुसऱ्यांच्या पैशाचा हिशेब : सोलापूरची जुनी मिल आणि त्यानंतर

सोलापूरची जुनी मिल २७ ऑगस्ट १९४९ रोजी बंद झाली. महिनाभर आधी, जुलैच्या अखेरीस, कामगारांना तशी नोटीस देण्यात आली होती. कंपनीचे कागदोपत्री नाव सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी लिमिटेड. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी १८७०च्या दशकात ती उभारली. पुढे नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या आल्या आणि ही पहिली गिरणी गावासाठी ‘जुनी मिल’ झाली. ज्या शहराचा दिवस गिरणीच्या भोंग्याने उजाडत होता, तिथे एवढी मोठी गिरणी थांबणे म्हणजे हजारो चुली थंड होण्याची वेळ होती. राज्यघटनेचे अभ्यासक हे प्रकरण आजही शिकतात, कारण ते दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेले. हिशेबाच्या व्यवसायातल्या माणसांनी मात्र ते फारसे वाचलेले नसते, आणि त्यांनीच ते वाचायला हवे.

गिरणी बंद पडल्यावर सरकारने तिच्यावर नियंत्रक नेमला. गिरणी चालवायची तर भांडवल हवे, म्हणून त्याने कंपनीच्या कागदांत एक वाट शोधली. कंपनीचे अधिकृत भांडवल ४८ लाखांचे होते, पण प्रत्यक्ष भरलेले ३२ लाखांचेच. फरक होता अग्रहक्काच्या भागांत. शंभर रुपयांच्या ३२,००० अग्रहक्क भागांवर भागधारकांनी प्रत्येकी फक्त पन्नास रुपये भरले होते. उरलेले पन्नास कंपनीने कधीही मागावेत अशी ती व्यवस्था होती. नियंत्रकाने संचालकांना सांगितले, ही उरलेली रक्कम मागवा. हे पैसे मागवणे कंपनीच्या आणि भागधारकांच्या हिताचे नाही, असे म्हणून संचालकांनी नकार दिला. त्यानंतर ९ जानेवारी १९५० रोजी, म्हणजे राज्यघटना लागू होण्याच्या सतरा दिवस आधी, एकट्या या कंपनीसाठी वटहुकूम निघाला.

गैरव्यवस्था आणि हेळसांड यांमुळे जीवनावश्यक वस्तूच्या उत्पादनावर वाईट परिणाम झाला आहे आणि लोकांच्या एका वर्गात गंभीर बेकारी निर्माण झाली आहे, असे त्या वटहुकुमाच्या प्रस्तावनेत म्हटले होते. मॅनेजिंग एजंटांचा करार संपुष्टात आला, संचालकांच्या जागा रिकाम्या झाल्या आणि नवे संचालक सरकारने नेमले. भागधारकांना संचालक निवडता येईना, त्यांचा ठराव सरकारच्या मंजुरीशिवाय अमलात येईना, कंपनी गुंडाळण्याचा अर्जही सरकारच्या संमतीशिवाय करता येईना. केंद्राने हे सारे अधिकार मुंबई सरकारकडे सोपवले. काही महिन्यांत वटहुकुमाची जागा कायद्याने घेतली. आणि नव्या संचालकांनी अग्रहक्क भागधारकांकडे प्रत्येक भागामागे उरलेले पन्नास रुपये मागितले. एकूण सोळा लाख.

चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने कायद्यालाच आव्हान दिले. ४ डिसेंबर १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मताने त्यांची याचिका फेटाळली. त्यानंतर द्वारकादास श्रीनिवास हे अग्रहक्क भागधारक पन्नास रुपयांच्या त्या मागणीविरुद्ध लढले, आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : भरपाई न देता मालमत्ता घेण्यासारखेच हे आहे, म्हणून कायदा घटनाबाह्य. १९५५च्या चौथ्या घटनादुरुस्तीमागे ज्या निकालांचा संदर्भ होता, त्यांत हा एक आहे.

न्यायालयापुढचा प्रश्न मूलभूत हक्कांचा होता, हिशेबांचा नव्हता. पण हिशेबाच्या बाजूने पाहिले की या प्रकरणातली खरी रचना दिसते. गैरव्यवस्था केली असे ज्यांच्याविषयी म्हटले गेले, त्यांनी केवळ आपली पदे गमावली. रोजगार गेला तो कामगारांचा. आणि पैसे मागितले गेले ते अग्रहक्क भागधारकांकडे. ठरावीक लाभांश मिळेल, धोका कमी राहील, अशा समजुतीने त्यांनी पैसे गुंतवले होते. अर्धवट भरलेला भाग म्हणजे पुढे कधीतरी येणारे बिल आहे, हे त्यांच्यापैकी किती जणांनी ताळेबंदात वाचले असेल? ताळेबंदात ते लिहिलेले असतेच, एका ओळीत. ती ओळ समजावून सांगणे हे हिशेबनिसाचे काम आहे, आणि ते सहसा होत नाही.

मॅनेजिंग एजन्सी हा त्या काळच्या गिरणीधंद्याचा कणा होता. कंपनी भागधारकांची, पण कारभार एका एजंट पेढीकडे, दीर्घ मुदतीच्या कराराने. एजंटाला कमिशन मिळे. कुठे उत्पादनावर, कुठे विक्रीवर, कुठे नफ्यावर. विक्रीवर कमिशन असले की तोट्यातल्या वर्षातही एजंट कमावतो. कापूस, यंत्रे, कोळसा यांची खरेदी त्याच्याच नात्यातल्या पेढीकडून झाली, तर तो दुसऱ्यांदा कमावतो. मोजक्या भागांच्या जोरावर अख्खी कंपनी हातात राहते. यात प्रत्येक व्यवहाराचे व्हाउचर असते, बेरीज जुळते, आणि तरीही पैसा मालकाकडून कारभाऱ्याकडे सरकत राहतो. बेरीज जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे, हा धडा भारतीय हिशेबव्यवसायाला या पद्धतीने फार लवकर दिला होता.

योगायोग असा की देशातला चार्टर्ड अकाउंटंट कायदा १ जुलै १९४९ रोजी लागू झाला, जुनी मिल बंद पडण्याच्या आठ आठवडे आधी. पुढच्या वर्षी सरकारने सी. एच. भाभा यांच्या अध्यक्षतेखाली कंपनी कायदा समिती नेमली. तिच्या अहवालावरून १९५६चा कंपनी कायदा आला, एजंटांच्या मोबदल्याला निव्वळ नफ्याशी बांधलेली मर्यादा आली, आणि ३ एप्रिल १९७० पासून मॅनेजिंग एजन्सी ही पद्धतच कायद्याने संपली. बुडत्या उद्योगाचा कारभार ताब्यात घेण्याची सर्वसाधारण तरतूद १९५१च्या उद्योग कायद्यात झाली. एकेका कंपनीसाठी वटहुकूम काढण्याची गरज उरली नाही.

सोलापूरच्या गिरण्या पुढे एकेक करून थांबल्या. शहर यंत्रमागावर आले, जिल्हा उसावर आला, आणि लोकांचा पैसा नागरी बँका, पतसंस्था, जिल्हा बँक आणि साखर कारखाने यांत जाऊ लागला. मालकीचे रूप बदलले, भागधारकाचा सभासद झाला. पण जुना पेच तसाच राहिला : पैसा एकाचा, निर्णय दुसऱ्याचा.

सोलापूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०१८ साली बरखास्त होऊन तिथे प्रशासक आला. संचालकांशी संबंधित साखर कारखान्यांकडील थकबाकी हा त्यामागचा मोठा विषय होता. कर्ज मंजूर करणाऱ्या मंडळात बसलेला माणूस आणि कर्ज घेणाऱ्या कारखान्याचा सूत्रधार एकच असेल, तर तारणाची किंमत कोण तपासणार? मॅनेजिंग एजंट स्वतःकडूनच कापूस विकत घेत होता. इथे संचालक स्वतःलाच कर्ज देतो. नागरी सहकारी बँकांना संचालक आणि त्यांचे नातेवाईक यांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये बंदी घातली, तीही गुजरातमधील माधवपुरा मर्कंटाइल बँक २००१ साली कोसळल्यानंतर.

शहरातली दुसरी घटना लक्ष्मी को-ऑपरेटिव्ह बँकेची. नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि खातेदाराला फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा ठेवली. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवाना रद्द झाला. पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही, हे कारण रिझर्व्ह बँकेने दिले. ९९ टक्के ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता, आणि परवाना रद्द होईपर्यंत ठेव विमा महामंडळाने १९३.६८ कोटी रुपये देऊनही झाले होते. विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली नसती, तर हे आकडे खूप वेगळे असते. पाच लाखांहून जास्त ठेव असलेल्यांना वरच्या रकमेसाठी अवसायकाकडे पाहत बसावे लागते. त्यांत निवृत्तीचे पैसे ठेवणारे असतात, संस्थांचे आणि देवस्थानांचे निधी असतात.

बँकेचे भांडवल एका दिवसात संपत नाही, ते वर्षानुवर्षे झिजते. ती झीज ताळेबंदात दिसायला हवी, आणि अनेक संस्थांत ती झाकली जाते. सहकारातली सर्वांत जुनी युक्ती म्हणजे नवं-जुनं करणे. मार्चअखेर आली की थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे आणि त्यातूनच जुने फेडून घ्यायचे. कागदावर वसुली झाली, नव्या तारखेचे ताजे कर्ज उभे राहिले. नियमाप्रमाणे हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून जास्त थकले की कर्ज अनुत्पादक ठरते, त्यावरचे न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही, आणि बुडण्याच्या शक्यतेसाठी नफ्यातून तरतूद करावी लागते. नवं-जुनं केले की हे तिन्ही टळते. न मिळालेले व्याज नफा म्हणून दिसते, त्या नफ्यावर आयकर भरला जातो, सभासदांना लाभांश वाटला जातो, टाळ्या पडतात. तो लाभांश प्रत्यक्षात ठेवीदारांच्या पैशातून गेलेला असतो. लेखापरीक्षकाला हे पकडणे अवघड नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बंद झालेली मोठी कर्जखाती आणि त्याच दिवसांत उघडलेली नवी खाती शेजारी ठेवली, पैसा कुठून आला हे पाहिले, आणि एप्रिलमध्ये त्याच खात्यांचे काय झाले ते पाहिले, की चित्र उघडे पडते. अडचण आकड्यांची नसते. अडचण ही असते की कर्जदार संचालकाचा व्याही असतो, आणि लेखापरीक्षकाला पुढच्या वर्षीही तेच काम हवे असते.

दुसरा प्रकार कोऱ्या करकरीत खोट्या कागदाचा. १९९२च्या रोखे घोटाळ्यात बँका एकमेकींना सरकारी रोखे विकत आणि प्रत्यक्ष रोख्यांऐवजी ‘बँक रिसीट’ देत. रोखे आमच्याकडे आहेत, तुमच्यासाठी राखून ठेवले आहेत, अशी ती हमी. सातारा जिल्ह्यातल्या बँक ऑफ कराडच्या नावाने अशा रिसिटा निघाल्या, ज्यांच्यामागे रोखेच नव्हते. मोठमोठ्या बँकांनी त्या कागदावर पैसे मोजले. रोख्यांची खरी नोंद रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयात होती, तिच्याशी ताळा घालण्याचे काम मागे पडत गेले होते. घोटाळा उघडा झाल्यावर कराडची ती बँक त्याच वर्षी बुडाली. कृष्णाकाठच्या ठेवीदारांचा मुंबईच्या शेअरबाजाराशी काहीही संबंध नव्हता.

सतरा वर्षांनी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरमध्ये हाच प्रकार मोठ्या आकड्याने झाला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. हा आकडा शोधायला कुठलीही गुंतागुंतीची पद्धत लागत नाही. बँकेला थेट पत्र लिहायचे आणि उत्तर थेट स्वतःच्या पत्त्यावर मागवायचे, इतकेच. ठेवींच्या पावत्या आणि बँकांची पत्रे बनावट होती, आणि कंपनीने हातात दिलेल्या कागदांवर विसंबणे महागात पडले. हैदराबादच्या विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये दहा जणांना दोषी ठरवले. त्यांत लेखापरीक्षक संस्थेचे दोघे भागीदार होते. सेबीने २०१८ मध्ये त्या संस्थेवर दोन वर्षांची बंदी घातली, ती पुढच्या वर्षी अपील न्यायाधिकरणाने रद्द केली. कुणाची जबाबदारी किती, यावर वकील वर्षानुवर्षे वाद घालू शकतात. बँकेच्या पत्राचा प्रवास कोणत्या हातांतून झाला, हा प्रश्न मात्र तपासणीच्या दिवशीच विचारता येतो.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत, म्हणजे पीएमसी बँकेत, हे आणखी पुढे गेले. एचडीआयएल या बांधकाम समूहाकडे बँकेची बहुतेक कर्जे अडकली होती. ती लपवण्यासाठी २१,०४९ बनावट कर्जखात्यांची यादी तयार झाली. ती खाती बँकेच्या संगणकप्रणालीत नव्हती, फक्त तपासनिसांना दिलेल्या यादीत होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी निर्बंध आले आणि खातेदाराला सहा महिन्यांत एक हजार रुपये काढण्याची मुभा मिळाली. त्या प्रकरणात बँकेच्या लेखापरीक्षकांनाही अटक झाली. यादी ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच घेतली आणि ती मूळ प्रणालीशी पडताळली नाही, तर एकवीस हजार माणसे हवेतून उभी राहतात. कराड, सत्यम आणि पीएमसी यांत धंदा वेगळा, काळ वेगळा; चूक एकच, पुरावा आरोपीच्या हातून घेतला गेला.

हे सगळे केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दाभोळचा वीजप्रकल्प आणणारी एन्रॉन कंपनी डिसेंबर २००१ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. तिचे लेखापरीक्षण आर्थर अँडरसन ही जगातल्या पाच बड्या संस्थांपैकी एक करत होती. २००० साली या संस्थेला एन्रॉनकडून लेखापरीक्षणाचे सुमारे अडीच कोटी डॉलर मिळाले आणि सल्लासेवेचे त्याहून थोडे जास्त. ज्याचा सल्ला घेतला जातो त्याने त्याच सल्ल्याच्या परिणामावर शेरा मारायचा, ही अपेक्षाच चुकीची होती. पुढच्या वर्षभरात अँडरसनचा धंदा संपला. त्याच काळात वर्ल्डकॉम या दूरसंचार कंपनीतल्या अंतर्गत लेखापरीक्षण प्रमुख सिंथिया कूपर यांनी आपल्या लहानशा पथकासह वरिष्ठांना कळू न देता, रात्री बसून नोंदी तपासल्या. ३८० कोटी डॉलरचा रोजचा खर्च भांडवली मालमत्ता म्हणून दाखवलेला त्यांना सापडला. महसुली आणि भांडवली खर्चातला फरक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. कूपर यांचे मोठेपण तो फरक ओळखण्यात नाही. आपल्याच वित्तप्रमुखाविरुद्ध तो लेखापरीक्षण समितीपुढे मांडण्यात आहे.

भारतातल्या कायद्याने या अनुभवांतून बरेच घेतले. २०१३च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध आणि मोठ्या कंपन्यांत एकच लेखापरीक्षक व्यक्ती पाच वर्षांपेक्षा आणि संस्था दहा वर्षांपेक्षा जास्त काळ सलग राहू शकत नाही. हिशेब लिहिणे, अंतर्गत तपासणी, व्यवस्थापन सल्ला ही कामे त्याच कंपनीच्या लेखापरीक्षकाला बंद आहेत. मोठी फसवणूक आढळली तर ती थेट केंद्र सरकारला कळवणे बंधनकारक आहे. सूचीबद्ध आणि इतर मोठ्या कंपन्यांच्या लेखापरीक्षकांवर लक्ष ठेवायला ऑक्टोबर २०१८ मध्ये राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण स्थापन झाले. चार्टर्ड अकाउंटंट कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट अहवालात न सांगणे, पुरेशी माहिती न मिळवताच मत देणे आणि योग्य ती दक्षता न घेणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. म्हणजे मौनही गुन्हा ठरू शकते. काम सोडून देऊन हात झटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे; राजीनाम्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारण’ लिहिले, तर पाहिलेली गोष्ट पुन्हा लपवलीच जाते.

सहकारात महाराष्ट्राचा कायदा एका बाबतीत याहूनही कडक आहे. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८१ प्रमाणे हिशेबात कुणी गुन्हा केल्याचे आढळले, तर लेखापरीक्षकाने अहवाल सादर केल्यापासून पंधरा दिवसांत निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा असतो आणि निबंधकाच्या लेखी परवानगीने स्वतः पोलिसांत फिर्याद द्यायची असते. ती दिली नाही, तर त्याचे नाव पॅनेलवरून निघते. कलम ८३ खाली चौकशी होते आणि कलम ८८ खाली नुकसानीची जबाबदारी व्यक्तिशः निश्चित होते. कागदावर इतके बळ असूनही वसुली वर्षानुवर्षे रखडते, अपिले होतात, स्थगिती मिळते. तरीही पहिल्या अहवालातला स्पष्ट शेरा हाच पुढच्या प्रत्येक कारवाईचा पाया असतो. तो गुळमुळीत असेल, तर कलम ८८ची नोटीस पहिल्याच सुनावणीत लटपटते.

सोलापूरसारख्या शहरात लेखापरीक्षकाचे काम मुंबईपेक्षा अवघड आहे, हे मान्य करायला हवे. इथे संचालक, कर्जदार आणि तपासनीस एकाच शाळेत शिकलेले असतात, गड्ड्याच्या यात्रेत भेटतात, एकमेकांच्या घरच्या लग्नांना जातात. ओळखीचा दबाव धमकीपेक्षा जड असतो, कारण त्याला नकार देताना माणूस कृतघ्न ठरतो. व्यवसायाची आचारसंहिता यावर सरळ उपाय सांगते : जिथे नाते आहे ते काम घेऊ नये, जिथे शंका आहे तिथे पुरावा तिसऱ्याकडून मागवावा, आणि जे पाहिले ते त्याच दिवशी कार्यपत्रात लिहून ठेवावे. नोकरीतल्या हिशेबनिसालाही हेच लागू आहे. वरिष्ठाने तोंडी सांगितलेल्या नोंदीसाठी लेखी आदेश मागणे हा उद्धटपणा नाही, तो त्याचा अधिकार आहे, आणि व्यवस्थापनाने तो दिला पाहिजे.

उरलेले काम सभासदांचे आहे. ३० सप्टेंबरपूर्वी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा होते, तिच्याआधी अहवाल मिळतो. त्यात लाभांशाचा आकडा पाहून तो बाजूला ठेवू नये. लेखापरीक्षणाचा वर्ग कोणता आहे, गेल्या वर्षीपेक्षा तो घसरला का, निव्वळ अनुत्पादक कर्जाचे प्रमाण किती आहे, आणि लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल मंडळाने सादर केला का, एवढे चार प्रश्न सभेत उभे राहून विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत.